यादीच्या शेपटातली टिटवी

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता, एक तरस होता, एक साळिंदर होता आणि ईमेल होता. वाघही होता. पण तो या गोष्टीत फारसा येत नाही आणि म्हणून तो नाराज आहे. त्याला नाराज राहू द्या. आपण पुढे जाऊ.

मांडी घालून बसा. जांभया देऊ नका. गोष्ट लहान आहे आणि मला पुढे कामं आहेत.

पूर्वी या जंगलात काहीही कळवायचं असलं की टिटवी ओरडायची. उद्या सभा आहे, टिटवी ओरडली. वणवा लागलाय, टिटवी ओरडली. वरच्या तळ्याचं दार उघडायचंय, टिटवी ओरडली. डोंगरावरच्या गुहेपासून नदीतल्या वाळूपर्यंत सगळ्यांना एकदम ऐकू जायचं. जी बातमी सिंहाला कळे, तीच त्याच क्षणी बेडकालाही कळे.

नेमकी हीच गोष्ट तरसरावांना खुपली. तरसराव म्हणजे महाराजांचे कारभारी. महाराज काहीही बोलले की ते आधी हसायचे आणि मग ऐकायचे.

"महाराज," तरसराव एकदा म्हणाले, "एक बोलू? आपल्या आणि बेडकाच्या कानावर एकच बातमी एकाच वेळी पडते. हे शोभतं का?"

महाराजांनी असा विचार कधी केला नव्हता. आता केला आणि त्यांना जेवण जाईना.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ईमेल," तरसराव म्हणाले आणि हसले.

झालं. जंगलात ओरडायला बंदी आली. टिटवीबाईंच्या गळ्यात एक हार पडला, त्यांच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलले गेले आणि त्यांना घरी बसवलं गेलं. घर म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, बाळांनो. त्या उघड्या वाळूत अंडी घालतात आणि वर बसून राहतात.

मेल पाठवायला साळिंदरराव आले. ते बाहेरच्या जंगलात शिकून आले होते आणि ते कुणाला विसरू देत नसत. त्यांच्यासमोर एक काळा पडदा असे. त्यावर चित्रं नाहीत, रंग नाहीत, दाबायला बटणं नाहीत. नुसती एक पांढरी रेघ लुकलुकायची.

"हे बंद पडलंय का?" पहिल्या दिवशी महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. हे आज्ञेची वाट बघतंय."

हे उत्तर महाराजांना फार आवडलं.

साळिंदरराव पडद्यावर एक ओळ लिहायचे. अमुक मजकूर उचल, तमुक यादी घे, यादीतल्या एकेकाला नावानिशी पाठव. मग एंटर. की सुरू झालाच धडाका. प्रिय महाराज, प्रिय वाघोबा, प्रिय हत्तीदादा, एकेक नाव पडद्यावर सरसर वर जायचं. साळिंदरराव हात मागे बांधून बघत राहायचे. "एक ओळ!" ते म्हणायचे. "अख्खं जंगल, एक ओळ!" तेव्हा त्यांच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहायचे आणि शेजारचे जरा सरकून बसायचे.

आता यादी. ही यादी करायला अख्खा उन्हाळा गेला. महाराज पहिले, यात वाद नव्हता. दुसरा कोण, यावर वाघ आणि हत्ती बोलेनासे झाले. मोराने कळवलं की पहिल्या पाचांत नसेन तर मी यादीतच नको. मग तो सहावा आला आणि यादीतच राहिला. असं करत करत मान उतरत गेला. गवे, सांबरं, रानडुकरं, मुंगूस. अगदी खाली वाळूतली मंडळी, म्हणजे खेकडे, बेडूक आणि टिटवीबाई. आणि त्यांच्याही खाली, शेपटाच्या टोकाला, वरच्या तळ्याच्या दारावरचं पाणमांजर. ते रोजंदारीवर होतं. रोजंदारीवाल्याला मान कसला?

यादीबरोबर तरसरावांनी एक नियमही केला. कुठलाही मेल निघाला की पहिला महाराजांना जायचा. महाराजांना ओलांडून कुणालाही काही पोचता कामा नये.

नियम साधा होता. साळिंदररावांनी मान डोलावली. मान डोलावताना पुढचं दिसत नाही, हे तुम्ही मोठे झालात की तुम्हाला कळेल.

तर, महाराजांचा वाढदिवस आला.

महाराजांना जलविहार करायची इच्छा झाली. भर उन्हाळा, नदी कोरडी ठणठणीत. पण वरचं तळं भरलेलं होतं. दार उघडलं की पाणी धो धो खाली येणार, नदी भरणार आणि महाराज नावेतून फिरणार. तरसराव इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं.

साळिंदररावांनी मजकूर लिहिला. "गुरुवारी सकाळी महाराजांचा जलविहार. पाणमांजराने तळ्याचं दार उघडावं. पात्रात राहणाऱ्यांनी पात्र सोडावं. बाकीच्यांनी काठावर जमून आनंद व्यक्त करावा. कुणाची हरकत असल्यास याच मेलला उत्तर देऊन नोंदवावी."

"तीन कामं, एक मेल," ते म्हणाले आणि एंटर दाबला.

नावं सरसर वर गेली. महाराज, वाघोबा, हत्तीदादा, मोर, गवे. आणि मुंगसाशी येऊन थांबली.

का थांबली? तर जंगलातला प्रत्येक मेल एका नाक्यावरून जायचा आणि नाक्यावर घोरपड बसायची. मागे कुठल्याशा जंगलातून एका वानराने सगळ्यांना मेल पाठवले होते की तुम्हाला मधाचं पोळं लागलंय, फक्त आपल्या गुहेचा पत्ता कळवा. अस्वलाने पत्ता कळवला. अस्वल परत आलं तेव्हा गुहेत वानराचे सात मेहुणे राहत होते. तेव्हापासून एकाच ठिकाणाहून मेलांची रांग लागली की घोरपड दार लावून घ्यायची. आणि घोरपड एकदा चिकटली की चिकटली.

"थोड्या वेळाने या," ती म्हणाली. "आता पुरे."

साळिंदररावांनी थोडा वेळ थांबून वरचा बाण दाबला. काळ्या पडद्याची ही एक सोय असते, वरचा बाण दाबला की मागची ओळ जशीच्या तशी परत येते. एंटर. प्रिय महाराज, प्रिय वाघोबा, प्रिय हत्तीदादा... आणि परत मुंगूस.

मग त्यांच्या लक्षात आलं. ते तरसरावांकडे गेले.

"साहेब, अर्ध्यात अडकतंय. मी मुंगसापासून पुढे पाठवतो. वरच्यांना पोचलंय."

तरसरावांचं हसू मावळलं. असं क्वचितच व्हायचं.

"म्हणजे यादीची सुरुवात मुंगसापासून?"

"फक्त उरलेल्यांना, साहेब."

"आणि महाराज?"

"महाराजांना दोनदा गेलाय."

"काल आरती केली म्हणून आज देवाला सांगतोस का, की कालची पोचली असेल तर आज नको?"

साळिंदरराव मागे फिरले. त्यांना खाली वाळूत जाऊन दोन शब्दांत सांगूनही येता आलं असतं. पण मग ती एक ओळ कमी पडली असं झालं असतं. ते परत पडद्यासमोर बसले आणि वरचा बाण दाबला.

बाळांनो, त्या आठवड्यात महाराजांना इतके मेल आले की ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं. सगळे सारखेच. महाराज प्रत्येक उघडायचे, प्रत्येक वाचायचे आणि राणीसाहेबांना म्हणायचे, "बघ, लोकांना किती उत्साह आहे!"

वाळूत मात्र एकही मेल आला नाही.

बुधवारी चार गवे महाराजांची नाव खांद्यावर घेऊन पात्रात उतरले आणि नेमकी टिटवीबाईंच्या शेजारी ठेवून घाम पुसू लागले.

"नाव कशाला आणलीत हो दादा? पाणी कुठाय इथं?" टिटवीबाईंनी विचारलं.

"उद्या येणार ना पाणी. मेल नाही मिळाला? मला तर रोज मिळतोय. रोज उठून मी आनंद व्यक्त करतोय."

 टिटवीबाईंच्या अंगाखाली चार अंडी होती. आज-उद्यात फुटायची होती. टिटवीला अंडं चोचीत धरून हलवता येत नाही. अंडी वाळूतच राहणार होती आणि वाळूत उद्या पाणी येणार होतं.

त्या तडक साळिंदररावांकडे उडाल्या.

"भाऊ, ते दार थांबवा. माझी अंडी आहेत खाली."

साळिंदररावांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "बाई, हरकतीची सोय केलेली आहे. आलेल्या मेलला उत्तर द्यायचं आणि नोंदवायची."

"मला मेल आलेलाच नाही."

"मग हरकत कशी नोंदवणार?"

"म्हणूनच तोंडी सांगायला आलेय ना!"

"तोंडी चालत नाही, बाई. तुमचा मेल निघालाय. वाटेत आहे."

"कधी पोचेल?"

साळिंदररावांनी वरचा बाण दाबला. टिटवीबाईंना रडू फुटलं.  साळिंदररावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. शिकलेल्यांनाही वाटतं, फक्त त्याचं पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही.

"भाऊ," टिटवीबाई म्हणाल्या, "ती तुमची यादी एकदा उलटी फिरवा. एकदाच. खालून सुरू करा. मला लगेच मेल मिळेल, मी लगेच हरकत घेते."

साळिंदररावांना हे येत होतं. ओळीत एक इवलासा शब्द घालायचा होता, बस. त्यांनी तो घातलासुद्धा. पांढरी रेघ त्या शब्दापुढे लुकलुकत राहिली. त्यांची नखं एंटरवर गेली.

मग त्यांना तरसरावांचा चेहरा आठवला, न हसणारा. त्यांनी तो शब्द खोडला.

"माझ्या हातात नाही हो, बाई," ते म्हणाले. त्यांचा हात अजून एंटरवरच होता.

टिटवीबाईंनी त्यांना एक शिवी दिली. ती मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या वयाला ती येत असेलच.

गुरुवार उजाडला. काठावर वरची मंडळी जमली, यादीप्रमाणे उभी राहिली आणि आनंद व्यक्त करू लागली. महाराज जिरेटोप, शेला, हार असा सगळा जामानिमा करून कोरड्या वाळूत ठेवलेल्या नावेत बसले. शेजारी, हातभर अंतरावर, टिटवीबाई अंड्यांवर बसल्या होत्या.

खाली बेडूक आणि खेकडे नेहमीसारखे निवांत पडले होते. त्यांना मेल आला नव्हता आणि ओरडायला बंदी असल्यामुळे कुणी काही सांगितलंही नव्हतं.

टिटवीबाईंना राहवलं नाही. बंदी गेली खड्ड्यात. त्यांनी मान वर केली आणि ओरडल्या. पूर्वीसारख्या, सगळा जीव लावून ओरडल्या.

"पाणी येतंय! वर पळा! पाणी येतंय!"

बेडकांनी टुणटुण उड्या मारल्या. खेकडे जमेल तसे तिरके पळाले. बघता बघता पात्र रिकामं झालं. टिटवीबाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी पंख पसरले, अंडी झाकली आणि डोळे मिटून घेतले.

वर तळ्यावर पाणमांजराने ती हाक ऐकली. पूर्वी ही हाक आली की ते दार उघडायचं. आज त्याने कान टवकारले आणि परत पाडले.

"हल्ली तोंडी काही धरायचं नाही," ते स्वतःशी म्हणालं आणि दाराला पाठ टेकून मेलची वाट बघत बसलं.

खाली महाराज पाण्याची वाट बघत होते. ऊन चढलं. हार कोमेजला. जिरेटोपाखालून घाम ओघळू लागला.

"तरसराव, पाणी?"

"हा हा हा! आलंच, महाराज."

पण ते येईना. शेवटी तरसराव धापा टाकत स्वतः तळ्यावर गेले.

"अरे, दार उघड!"

"मेल, साहेब?"

"मी समोर उभा राहून सांगतोय ना!"

"मागच्या होळीला असंच समोर उभं राहून सांगितलंत. मी दार उघडलं. खाली मोराचा नाच चालला होता, तो नाचासकट वाहत पार खालच्या काठाला लागला. चौकशी कुणाची झाली, साहेब? माझी. तुम्ही म्हणालात, तोंडी कुणी सांगितलं होतं तुला?"

तरसरावांनी आपला मेल काढून त्याच्या नाकासमोर धरला. पाणमांजराने तो नीट वाचला.

"हा 'प्रिय तरसराव' असा आहे. 'प्रिय पाणमांजर' असा दाखवा, लगेच उघडतो."

तरसराव धावत साळिंदररावांकडे आले. "आत्ताच्या आत्ता पाठव! पाणमांजराला पाठव!"

"एकट्याला, साहेब?"

तरसराव 'हो' म्हणणार होते. पण नियम त्यांचाच होता. "महाराजांपासून पाठव. पण लवकर!"

वरचा बाण. एंटर. आणि या वेळी मेल मुंगसापर्यंतही गेला नाही. पहिल्याच नावाला अडकला.

"काय झालं?"

साळिंदरराव हळूच म्हणाले, "महाराजांचा इनबॉक्स भरलाय, साहेब. आता त्यात काही मावत नाही. महाराजांना पोचत नाही, तोवर पुढे कुणालाच जाणार नाही."

"मग त्यांना सांग, थोडे मेल पुसून टाका म्हणावं."

"तुम्हीच सांगता का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी पडद्याकडे पाहिलं. पांढरी रेघ लुकलुकत होती. ती आज्ञेची वाट बघत होती.

तिकडे नावेत महाराज कंटाळून खाली वाकले, तर शेजारी टिटवीच्या पंखाखाली टचकन आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा, चौथा. टिटवीबाईंनी डोळे उघडले. वाळूच्या रंगाची चार पिल्लं धडपडत बाहेर आली. टिटवीची पिल्लं जन्मतःच पळतात, बाळांनो, तुमच्यासारखी वर्षभर कडेवर बसत नाहीत. अंग वाळल्या वाळल्या ती चारही जणं महाराजांच्या नावेच्या सावलीत घुसली, जरा टेकली आणि मग आईच्या मागे तुरुतुरु काठ चढून गेली.

टिटवीबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. दोन्ही त्यांनी मोठ्यांदा केलं.

महाराज उन्हं कलेपर्यंत नावेत बसले. मग चार गव्यांनी नाव उचलली आणि महाराजांना त्यातच ठेवून कोरड्या पात्रातून दोन फेऱ्या मारून आणल्या. जलविहार पार पडला.

दुसऱ्या दिवशी तरसरावांनी अहवाल वाचला. "महाराजांच्या वाढदिवशी पात्रातली सर्व प्रजा वेळेत सुरक्षित जागी हलली. एकही जीव दगावला नाही. नव्या ईमेल व्यवस्थेचं हे यश आहे." टाळ्या झाल्या. साळिंदररावांना श्रीफळ मिळालं आणि शालही. शाल अंगावर घालताच तिची चाळण झाली.

शेवटचा विषय टिटवी. बंदी मोडून ओरडणे, हा एक गुन्हा. महाराजांचा इतका मोठा कार्यक्रम असूनही त्याला मुदतीत हरकत न घेणे, हा दुसरा. हा दुसरा कसा गुन्हा, ते कुणी विचारलं नाही. टिटवीला हद्दपार करायचं ठरलं. पिल्लांसकट.

"हुकूम केव्हापासून लागू?" महाराजांनी विचारलं.

"तिला मेल मिळाल्या क्षणापासून, महाराज," तरसराव म्हणाले आणि खूप हसले.

साळिंदररावांनी हुकूम लिहिला, यादी घेतली आणि एंटर दाबला. नियमाप्रमाणे पहिला महाराजांना.

याला बरेच उन्हाळे झाले. चारही पिल्लं मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली, ती वाळूत पळतात. टिटवीबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या अधूनमधून विचारतात, "काय हो, माझ्या नावाचा एक मेल यायचा होता. कुठवर आलाय?"

"वाटेत आहे," लोक सांगतात.

"येऊ दे सावकाश," त्या म्हणतात.

तात्पर्य : मानाच्या यादीत आपलं नाव शेवटी आहे म्हणून रडू नये. वरून येणारं संकटही मानाच्या क्रमानेच येतं, आणि बहुतेक वेळा थोरामोठ्यांतच अडकून पडतं.